पणजोबांच्या दगडाखालची जागा

आमच्या घरातली माणसं जिवंतपणी एकमेकांशेजारी बसत नाहीत, मेल्यावर मात्र एका रांगेत झोपतात. शेताच्या वरच्या कोपऱ्यात, तारेच्या कुंपणाआड, आमच्या घरची दफनभूमी आहे. सोळा थडगी. सुरुवात पणजोबांनी केली. गावच्या दफनभूमीच्या कारभाऱ्याशी त्यांचं कशावरून तरी वाजलं आणि मेलो तरी तुमच्या शेजारी झोपणार नाही, असं सुनावून ते घरी आले. कोपरा आखला, कागदावर नियम लिहिले आणि पहिलं गिऱ्हाईक म्हणून सासूबाईंची वाट पाहत बसले. सासूबाईंनी अकरा वर्षं दाद दिली नाही.

गेली चाळीस वर्षं ही जागा सांभाळते माझी आत्या. ती कपडे शिवते, गळ्यात टेप कायम, म्हणून सगळे तिला टेपआत्या म्हणतात. लग्नानंतर नवऱ्याने पहिल्याच दिवशी तिला मोजून बोलायला सांगितलं. आत्याने मोजून चार महिने काढले आणि शिलाई मशीन घेऊन माहेरी परतली. तेव्हापासून पुढच्या खोलीत खिडकीपाशी ती आणि मशीन, आणि रविवारी दुपारी विळा घेऊन वरचा कोपरा. गवत काढताना ती तिथल्या मंडळींशी बोलते, आणि त्यात आदरबिदर काही नसतो. धाकट्या आजोबांच्या थडग्यावर मुंग्यांनी वारूळ केलं तेव्हा म्हणाली, जन्मभर पाहुण्याला पाणी विचारलं नाहीत, आता सांभाळा. घरात कोणी गेलं की खड्ड्याचं मापही तीच काढते, कोटाला ठेवतात तशी दोन बोटं सैल ठेवून.

मागच्या वर्षी डॉक्टरांनी तिच्या हृदयाबद्दल बरंच लांबण लावलं. घरी येऊन तिने जेवणाच्या टेबलावर सरळ विचारलं, मला कुठे ठेवणार? तिच्या थोरल्या भावाला, म्हणजे माझ्या काकांना, आम्ही घरातही हेडमास्तरच म्हणतो. त्यांनी हात धुतले, भिंतीवरची पणजोबांच्या नियमांची चौकट उतरवली आणि तिसरा नियम वाचून दाखवला. मुलगी दिल्या घरची, तिला इथे जागा नाही. शिवाय दोनच जागा उरल्या होत्या, एक त्यांची आणि एक काकूंची. काकूंच्या दगडावर जन्मतारीखही कोरून झाली होती, आणि तीही काकूंनी वय चोरून सांगितलेली.

आत्याने शिवलेला सदरा अंगात घालून हा माणूस तिला हाकलत होता. मला संताप आला. तरी मी तोंड उघडलं नाही, याची लाज अजून वाटते.

आत्या शांतपणे म्हणाली, "दादा, आजोबा तिथे नाहीतच."

तिचे आजोबा म्हणजे माझे पणजोबा. मग तिने सगळं सांगितलं. पणजोबा गेले ते गावात, गिरणीवर भांडता भांडता. मधल्या ओढ्याला पूर होता, त्यामुळे कारभाऱ्यानेच मोठ्या मनाने चार दिवसांपुरती त्यांना गावच्या दफनभूमीत जागा दिली. पूर ओसरला, पण त्यांना उकरून आणायला एकही मुलगा पुढे होईना. दगड तर कोरून आला होता. तो वरच्या कोपऱ्यात नुसत्या मातीवर उभा केला आणि सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावलं. पुढे कारभारीही गेला आणि त्याला पणजोबांना खेटूनच जागा मिळाली. आत्याला हे तिच्या वडिलांनी सांगितलं होतं, तिथे खुरपताना ती बिचकायची म्हणून.

हेडमास्तरांचा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दोन गडी लावून दगडासमोर खणायला घेतलं. कमरेएवढं झालं, पुरुषभर झालं. नुसता मुरूम. इतकी वर्षं हेडमास्तर ज्याच्यापुढे टोपी काढून उभे राहत होते, तो हाच मुरूम. काकूंना हसू आवरेना, त्या कुंपणाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. हेडमास्तर ढिगाऱ्यावर बसले. ते एकाएकी फार म्हातारे दिसायला लागले, आणि मला त्यांची दया आली.

आत्या म्हणाली, "दगडावर नाव त्यांचंच राहू दे. खाली मी झोपेन."

मग तिने पदर खोचला, शिडी धरून खड्ड्यात उतरली आणि चक्क आडवी झाली. गडी मागे सरले. खालून तिचा आवाज आला, पायाकडे आखूड आहे.

हेडमास्तरांनी चपला काढल्या, गड्याच्या हातातली कुदळ घेतली आणि गुडघे सांभाळत शिडीवरून उतरले.

"ऊठ," ते म्हणाले, "बाजूला हो. मी लांब करून देतो. पण इथे यायची घाई करायची नाही, सांगून ठेवतो."