बाबांच्या घड्याळातले लाल आकडे

चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटीमध्ये आहे. गेजमध्ये बसत नाही तो पार्ट रिजेक्ट, एवढंच मला कळतं. भूतखेत, शकुन, आत्मे... सगळं मी कधीच रिजेक्टच्या पेटीत टाकलेलं. तरी हे लिहितोय, कारण मागच्या हिवाळ्यातल्या एका सकाळपासून मला माझीच तपासणी करावीशी वाटतेय.

बाबांचं एक घड्याळ आहे. दुबईला गेलेल्या मित्राने आणून दिलेलं, अगदी सुरुवातीच्या डिजिटल घड्याळांपैकी. नुसती काळी काच. बाजूचं बटण दाबलं की सेकंदभर लाल आकडे पेटणार आणि विझणार. म्हणजे वेळ बघायला दोन्ही हात हवेत — आणि बाबांचे दोन्ही हात स्कूटरच्या हँडलवर! मग मागे बसलेली आई हात पुढे घालून बटण दाबायची आणि बाबा बातम्या दिल्यासारखे ठेक्यात वेळ वाचायचे. लहानगा मी पुढे उभा. त्या दोघांचं एकमेकांवर किती प्रेम होतं, ते मला तिथे उभं राहून कळलं.

बाबा जाण्याआधीच घड्याळ बंद पडलं होतं. ते गेल्यावर मी सेल काढून ठेवले, फुटून आतलं खराब करायला नकोत म्हणून.

मागच्या वर्षी आईला काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेलीही हळूहळू जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तेव्हापासून तिने एकच धोसरा लावला, घड्याळ चालू कर. माझा साफ नकार. जुनं मशीन दुरुस्त होत नाही, काढून दुसरंच बसवावं लागतं. असली घड्याळं आता बघायला मिळत नाहीत. त्यात दुसऱ्या घड्याळाचं मशीन घातलं तर बाबांचं काय उरलं? नुसतं कव्हर?

"जपून जपून काय लोणचं घालतोस का त्याचं?" आई म्हणाली. मग हळू आवाजात, "लेकरा, डोळे हायेत तवर एकदा पेटलेलं बघू दे."

एका रविवारी सकाळी निघालो. संत तुकाराम नगरहून आकुर्डीला, घड्याळ दुरुस्त करणाऱ्या कांबळे काकांकडे. माझ्या स्कूटरवर, आई मागे. घड्याळ डबीत नको, हातात घाल म्हणाली, म्हणून माझ्या डाव्या मनगटावर.

चिंचवडला पुलाखाली सिग्नल लागला. मागून आईचा हात आला आणि तिने बटण दाबलं. जुनी सवय, मला हसू आलं. आणि काळ्या काचेत लाल आकडे पेटले. दहा बेचाळीस. सेकंदभरच, पण स्वच्छ. समोर होल्डरमध्ये मोबाइल होता. त्यातही दहा बेचाळीस. मागचे हॉर्न मारायला लागले तेव्हा मी गाडी काढली.

दुकानात काकांनी मागचं झाकण उघडलं. "भाऊ, सेलच नाहीत की यात. आणि आत सगळं हिरवं पडलंय. हे कित्येक वर्षं पेटलेलं नाही. नवीन मशीन बसवू?"

मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "नगं. जसं हाय तसं राहू द्या."

"अगं, तुला बघायचं होतं ना?"

"मागं बसून मला कधी दिसायचं रे? मी आपली दाबायची न् हे वाचायचे. मगाशी पुलाखाली तू वाचलंस की, दहा बेचाळीस. अगदी ह्यांच्यासारखं, ठेक्यात. माझं भागलं."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी झाकण लावायला सांगितलं.

त्यानंतर मी ते बटण कितीदा तरी दाबलं. एकट्याने, आईच्या हाताने, पुलाखाली थांबूनसुद्धा. काही नाही. कुणाकडे याचं कारण असेल तर जरूर सांगा, मला सापडलेलं नाही.

आई मात्र सुनेला कौतुकाने सांगत असते, पोरगा वेळ वाचतो ते थेट बापासारखा. मी मान हलवतो. त्या सिग्नलला मी तोंडच उघडलं नव्हतं, हे तिला सांगायचा धीर मला अजून झालेला नाही.