हेडखालचा डबा

नळदुर्गचे अण्णा स्वतःचा जेवणाचा डबा मशीनच्या हेडखाली ठेवायचे आणि मालकाला म्हणायचे, "पाडा मेन स्विच." वर कापायचं टूल धरणारं लोखंडाचं ते अवजड धूड लटकलेलं, खाली ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी. हेड घसरलं तर डबा चपटा आणि अण्णा उपाशी. मोडीत निघालेल्या सीएनसी मशीनला नव्या सर्वो मोटरी आणि त्यांना चालवणारे ड्राइव्ह बसवून पुन्हा उभं करायचं हा त्यांचा धंदा, आणि डबा ही शेवटची परीक्षा.

स्वभाव? विचारू नका! धाराशिवच्या एमआयडीसीत आमच्या शेडवर आम्ही घेतलेलं जुनं मशीन बघायला पहिल्यांदा आले तेव्हा मी चहा पुढं केला, तर म्हणाले, "चहा ठेवा तिकडं. पाना आणा." हेड वरखाली नेणाऱ्या बॉलस्क्रूला पाना लावला, पान्याच्या टोकाला भंगारवाल्याचा स्प्रिंगचा काटा अडकवला आणि ओढत राहिले. स्क्रू फिरायला किती जोर लागतो ते काट्यावर बघून मगच मोटर ठरवायची, ही त्यांची रीत. मी शहाणपणा करायला गेलो, "अण्णा, एक नंबर मोठीच घेऊ की, डोक्याला ताप नको." काट्यावरची नजर न काढता म्हणाले, "मोठी घेऊन काय औताला जुंपता का?"

मोटर आणि ड्राइव्ह मात्र एकाच कंपनीचे हवेत, यावर ते हटून बसायचे. "नवराबायको दोन गावची असली तरी नांदत्यात. ह्यांचं तसं न्हाय. बिघाड झाला की ह्यो कंपनीवाला त्याच्याकडं बोट दाखवतोय, अन् त्यो ह्याच्याकडं." माझी बायको मंगल, जी हे मशीन चालवणार होती, ती यावर हसली, "आमच्याकडंबी तसंच हाय, अण्णा."

खटका उडाला तो हेडच्या मोटरीवरून. हेड तोलून धरणारं वजन आणि साखळी आधीच्या मालकानं कधीच भंगारात घातली होती. सगळा भार स्क्रूवर, आणि बॉलस्क्रू कसला भार धरतोय, वजन आलं की आपोआप उलटा फिरतो! लाईट असेपर्यंत मोटर हेड धरून ठेवणार. लाईट गेली की मोटरीतला ब्रेकच काय तो वाली. नेमकी ब्रेकवाली मोटर पुण्यात शिल्लक नव्हती, महिना लागेल, कंपनीवाले म्हणाले. तेवढ्याच ताकदीची बिनब्रेकची हजर होती. इकडं आमचं एकुलतं एक मोठं गिऱ्हाईक, पंपाचे पार्ट करून घेणारं, रोज फोन करायचं: सुरू करा, नाहीतर काम सोलापूरला देतो. ते गेलं असतं तर शेडला कुलूपच.

"अण्णा, आत्ता ही बसवू. ब्रेकवाली आली की बदलू."

"म्या जोडणार न्हाय."

"अहो, लाईट काय रोज जाते का?"

हे मी धाराशिवात उभं राहून बोलत होतो! अण्णांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मग त्यांनी आवाज उतरवला. तो उतरला की जास्त भीती वाटायची.

"टूल बदलायला हेडखाली हात कुणाचा जातोय?"

"मंगलचा."

"मग तिला इचारा. मला कशाला इचारता?"

मंगल चिंधीला हात पुसत उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं नाही की अण्णांकडं नाही, हेडकडं बघितलं. "थांबू," म्हणाली. "गिऱ्हाईकाशी मी बोलते."

ती बोलली. तरी निम्मं काम सोलापूरला गेलंच. उरलेल्याही कामाचा भरवसा नव्हता. तो महिना आम्ही जीव मुठीत धरून काढला. अण्णांवर मी इतका खवळलो होतो की त्यांचा फोन मंगलच घ्यायची.

अखेर मोटर आली, जोडून झाली. अण्णांनी डबा हेडखाली सरकवला, वर बोटभर जागा ठेवली. "पाडा." मी स्विच पाडला. हेड जरासं, अगदी जरासं खाली आलं आणि मग टक् करून ब्रेकनं धरलं.

"ब्रेक धरायच्या आधी ड्राइव्ह सोडून देतोय," अण्णा म्हणाले. "लई घाई हाय त्याला. तुमच्यावानी." त्यांनी ड्राइव्हमधली वेळ वाढवली, म्हणजे ब्रेकनं धरेपर्यंत मोटरीनं सोडायचं नाही. पुन्हा पाडा. पुन्हा वाढवा, पुन्हा पाडा. हेड तसूभरही हलेना तेव्हा कुठं त्यांनी डबा काढला, तिथंच बसून भाकरी खाल्ली आणि मंगलला म्हणाले, "पोरी, आता घाल हात."

यंदाच्या उन्हाळ्यात भरदुपारी लाईट गेली. मी शेडच्या दुसऱ्या टोकाला होतो. पंखे थांबले आणि त्या शांततेत टक् असा आवाज आला. मी धावलो. मंगलचा हात हेडखाली होता आणि हेड होतं तिथंच होतं. तिनं हात बाहेर काढला, उलटासुलटा करून बघितला आणि पहिलं काम काय केलं असेल तर अण्णांना फोन लावला.

त्यांच्या मुलानं उचलला. "अण्णा गेले, ताई. लिंगैक्य होऊन आठवडा झाला."

"हेड थांबलं, एवढंच सांगायचं होतं त्यांना," म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

लाईट आल्यावर मी मशीन सुरू केलं, तर तिनं मला बाजूला सारलं. स्वतःचा डबा आणला, हेडखाली ठेवला, वर बोटभर जागा ठेवली. "पाडा." काही केल्या माझा हात उठेना. अण्णांना साधं चांगलं बोलायचंही माझ्याकडून राहून गेलं होतं.

"पाडा म्हणते ना!" ती ओरडली.

मी स्विच पाडला. हेड हललं नाही. मग मंगल तिथंच फरशीवर बसली, डबा उघडला आणि रडत रडत अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली.