तांदळातली कादंबरी

माझ्या घोलवडच्या आत्याने उभ्या आयुष्यात कुणाच्या तोंडावर खोटी तारीफ केलेली नाही, आणि तरीही तिला अजून सगळ्या नातलगांकडून लग्नाची आमंत्रणं येतात, याला मी या पृथ्वीवरचा शेवटचा चमत्कार समजतो. माझ्याच लग्नात सासूबाईंनी मोठ्या हौसेने तिला विचारलं, श्रीखंड कसं झालंय? आत्याने आणखी एक घास घेतला, डोळे मिटले, पूर्ण न्यायबुद्धीने विचार केला आणि म्हणाली, "पुऱ्या छान आहेत." त्याला बावीस वर्षं झाली. सासूबाई अजून घोलवड स्टेशन आलं की दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघतात. पुढे मी डहाणूला एका कार्यक्रमात तासभर किस्से सांगितले. लोक हसून लोळले, निदान घरी मी तसंच सांगतो. आत्या पहिल्या रांगेत होती. मसोलीला माझ्या घरी पोचेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. दारात चपला काढता काढता म्हणाली, "माईक चांगला होता."

हा स्वभाव तिला चिकूने दिला. तिची लहानशी वाडी आहे आणि वाडीला लागून फळं निवडायची शेड. चिकू हे दिसायला साधं, पण मोठं लबाड फळ आहे. झाडावर ते पिकत नाही. दगडासारखं असतानाच तोडायचं आणि घरात चार-पाच दिवस ठेवून पिकवायचं. तोडायचं कधी, एवढीच काय ती विद्या. आत्या नखाने साल जराशी खरवडते. आत पिवळसर दिसलं तर तयार, हिरवं दिसलं तर कोवळं. कोवळं तोडलेलं फळ सुरकुततं, रुसतं, शेवटी सडतं, पण पिकत नाही. ज्या बाईने चाळीस वर्षं दिवसभर फळांच्या तोंडावर खरं सांगितलं, ती श्रीखंडाला काय घाबरणार?

अशा बाईला प्रेमाच्या अद्भुत कादंबऱ्यांचं वेड असेल, असं कुणाला वाटणार नाही. तिची एक ठरलेली लेखिका आहे. आत्या तिला नुसतं "बाई" म्हणते, जणू दोघी एकाच शाळेत मास्तरणी आहेत. बाईंच्या कादंबऱ्यांत शापित राजपुत्र असतात, बोलणारी जंगलं असतात, आणि एखादी साधी मुलगी त्या सगळ्यांना पुरून उरते. नवी कादंबरी आली की आत्या ती उघडत नाही. तांदळाच्या डब्यात, त्या आठवड्याच्या चिकूंच्या शेजारी, चार दिवस पुरून ठेवते. मी एकदा हसलो तर म्हणाली, छापखान्यातून आलेलं पुस्तक कडक असतं रे, आणि वाचणारा त्याहून उतावळा असतो, दोघांनाही जरा मऊ पडू द्यावं. त्यामुळे तिचं कुठलंही पुस्तक उघडा, पानांतून तांदूळ सांडतात.

पाचव्या दिवशी दुपारी शेडमध्ये वाचन. ती मोठ्याने वाचते आणि बायका फळं निवडतात. त्यांत झरीहून येणारी लखमी ही खरी परीक्षक. प्रसंग रंगला की लखमीचे हात थांबतात. एका कादंबरीतल्या ताटातुटीच्या वेळी तर अख्खी शेड थांबली आणि फळं न्यायला आलेला ट्रक खोळंबला. पुस्तक संपलं की आत्या बाईंना पत्र लिहिते आणि सोबत उत्तमातल्या उत्तम चिकूंची पेटी पाठवते. हा नेम कधी चुकला नाही. यंदाच्या माघापर्यंत.

माघात नवी कादंबरी आली. मी चिकू न्यायच्या निमित्ताने नेमका तिथे होतो. कथा अशी, की मिठागरातली एक मुलगी समुद्राखालच्या राजपुत्रासाठी सात जन्म थांबते. सहा जन्म बरे गेले. सातव्यात राजपुत्र किनाऱ्यावर आला आणि आत्याचा आवाज एकदम बदलला. राजपुत्र मुलीची हात जोडून माफी मागू लागला, तिच्या म्हाताऱ्या आईची चौकशी करू लागला. मला ते फारच आवडलं, म्हणून मी मान वाकडी करून पानात डोकावलो. पानात तो फक्त तिच्या डोळ्यांत बघत होता. आई कुठेच नव्हती. माफी तर नव्हतीच. आत्या, जिने सासूबाईंना श्रीखंड माफ केलं नाही, ती बाईंच्या पानात आपल्या पदरचं घालत होती.

मी मान सरळ केली. पण लखमीचे हात चालतच होते. तिने फळावरून नजर न उचलता विचारलं, "आत्ये, पुस्तकात हाये तेच वाचतेस ना?"

आत्याने चष्मा पुसला आणि मग पानात होतं तेच वाचलं. त्याने बघितलं, ती लाजली, दीड पानात लग्न लागलं, तिला मोत्यांचं सिंहासन मिळालं आणि मिठागर ती विसरून गेली. शेडमध्ये फक्त फळं ठेवल्याचा आवाज येत होता.

"सात जन्म थांबली," लखमी म्हणाली, "आन कुठं होतास म्हणून पन नाय इचारलं?"

आत्याने पुस्तक मिटलं. "कोवळं तोडलंय," ती म्हणाली, आणि आत निघून गेली.

तिच्या पुस्तकप्रेमात मी असा अपघात पाहिला नव्हता. पेटी भरून ठेवली होती, पत्राचा कागद कोराच होता. मी पुढच्या आठवड्यात गेलो तेव्हा पेटीतले चिकू पिकून गेले होते, ते बायकांना वाटून तिने नवे भरले होते. त्याच्या पुढच्या आठवड्यात तिसऱ्यांदा भरले. न लिहावं तर नेम मोडतो, लिहावं तर खोटं लिहावं लागतं. मी माझ्या परीने उपाय सुचवला, की मुखपृष्ठ छान आहे असं लिही.

"तसलं मी तुझ्या सासूला सांगते," आत्या म्हणाली. "बाईंना नाही."

मग तिने कपाटातून एक पोस्टकार्ड काढून माझ्या हातात दिलं. बाईंचं आजवर आलेलं एकुलतं एक उत्तर. त्यावर एकच ओळ होती: चिकू फार गोड निघाले. मी म्हटलं, बघ, किती प्रेमाने लिहिलंय.

"खोटं आहे ते," आत्या म्हणाली.

त्या कार्डाच्या वर्षी आतोबा वलसाडला दवाखान्यात होते आणि ती त्यांच्या उशाशी. वाडीवर घाईघाईत तोडणी झाली आणि नेमाप्रमाणे बाईंची पेटीही गेली. आतोबा गेल्यावर घरी येऊन तिने डब्यात हात घातला, तर त्याच तोडणीतले चिकू सुरकुतून पडलेले. सगळे कोवळे. एकही पिकला नव्हता. पेटीतलेही पिकणं शक्य नव्हतं. आणि तेराव्याच्या आदल्या दिवशी हे कार्ड आलं.

"त्यांना इकडचं काहीच माहीत नव्हतं," ती म्हणाली. "तरी त्यांनी असं लिहिलं. लोक येऊन खूप काय काय बोलत होते रे. मला धीर आला तो या खोट्याने."

कार्ड तिने माझ्या हातातून घेतलं. मग टेबलापाशी बसली, कोरा कागद ओढला आणि माझ्यासमोर एक ओळ लिहिली: कादंबरी फार गोड लागली. खाली सही केली. उभ्या आयुष्यातली तिची पहिली खोटी तारीफ, अक्षर मात्र नेहमीपेक्षा सुंदर आलं होतं. मग चौथ्यांदा पेटी भरली. एकेक फळ नखाने तपासून, उजेडात धरून, ओल्या फडक्याने पुसून. लखमीने पेटीत घालायच्या कागदाच्या घड्या घातल्या, काही विचारलं नाही.

परवा गेलो होतो तेव्हा आत्या तांदूळ काढत होती. डब्यात हात घातला तर तांदळाबरोबर तीच कादंबरी वर आली. तिने ती दोन्ही हातांत घेतली, अंगठ्याने जरा दाबून पाहिली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "अजून नाही."

कोवळं तोडलेलं कधी पिकत नाही, हे तिनेच मला शिकवलं. एरवी तिला त्याची आठवण करून दिल्याशिवाय माझी जीभ राहिली नसती. पण पुस्तकातून सांडलेले चार तांदूळ माझ्या पायाशी पडले होते. ते वेचून मी डब्यात टाकले आणि म्हटलं, ठेव आत्या, आणखी थोडे दिवस.