लसणाच्या गावातला ताडगूळ

आम्हा पुणेकरांच्या हाडांत एक पंचांग बसलेलं असतं: दिवाळी झाली की पाऊस संपला, आता बूट काढा आणि डोंगरात निघा. बंगळूरला सर्जापूर रोडवर राहायला येऊन सहा वर्षं झाली, तरी माझं हे पंचांग काही बदललं नव्हतं. म्हणून डिसेंबरात बारा दिवसांची रजा मिळाल्यावर मी खुशाल तमिळनाडूतल्या पळणी डोंगरांचा बेत आखला. एकट्याने, पाठीवर सॅक टाकून, गावागावांतून पायी.

शेजारच्या शांताअक्कांनी बेत ऐकला आणि कपाळाला हात लावला. अक्का अस्सल बंगळूरच्या. त्यांचं मराठी घराणं इथे येऊन तीनशेच्या वर वर्षं झाली असं त्या सांगतात आणि आम्हा पुण्या-मुंबईच्या लोकांना 'नवीन पोरं' म्हणतात. "अरे, तिकडं आत्ताच तर मळे (पाऊस) असतो रे," त्या म्हणाल्या. "सरी (बरं), चाललास तर जा. पण स्वल्प (जरा) जपून." मी हसून मान डोलावली. डोंगर काय असतो हे पुणेकराला कोणी शिकवू नये, अशी तेव्हा माझी प्रामाणिक समजूत होती.

खरी भानगड पावसाची नव्हतीच. तीन वर्षांपूर्वी, चौतिसाव्या वर्षी, मला टाइप वन डायबिटीस निघाला. म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही, ते रोज टोचून घ्यावं लागतं. डोस आणि जेवणाचा मेळ चुकला की शुगर झपकन खाली येते, आणि वेळेत गोड पोटात गेलं नाही तर माणूस बेशुद्ध पडतो. हे माझी बायको मुग्धा आणि डॉक्टर सोडून मी कोणालाही सांगितलेलं नव्हतं. ऑफिसात टॉयलेटमध्ये जाऊन सुई टोचायचो. का, तर लोकांनी 'बिचारा' म्हणू नये म्हणून. डॉक्टर ट्रेकला नाही म्हणाले नव्हते, 'काळजी घ्या' म्हणाले होते. मुग्धा काहीच म्हणाली नव्हती. तिची ती शांतता मला सहन होईना, म्हणून मीच मोठ्या ऐटीत जाहीर केलं, "या बारा दिवसांत एकदा जरी कोणाला मला सांभाळावं लागलं, तर सॅक विकून टाकीन. परत एकटा म्हणून जायचा नाही."

"बरं," मुग्धा म्हणाली. "रोज संध्याकाळी मेसेज कर म्हणजे झालं."

कोडाईकनालला बसमधून उतरलो तोच भुरभुर सुरू झाली. ढग इतके खाली होते की स्टँडसमोरचं हॉटेल दिसायला रस्ता ओलांडावा लागला. चहावाल्याने माझ्या सॅककडे, मग आभाळाकडे पाहिलं आणि कार्तिकै-मार्गळी या त्यांच्या महिन्यांबद्दल काहीतरी सांगितलं. शब्द कळले नाहीत, अर्थ कळला. पश्चिमेचा पाऊस आमच्या सह्याद्रीवर संपतो तेव्हा पूर्वेचा पाऊस इथे मुक्कामाला येतो. अक्का बरोबर होत्या. फोन करून तसं सांगायचा मोठेपणा मात्र मी दाखवला नाही.

जंगलात एकट्याने शिरायला परवानगी नाही, म्हणून गावांना जोडणारे रस्ते आणि शेतांमधल्या पायवाटा धरून चालत होतो. दिवसाला बारा-पंधरा किलोमीटर. निलगिरीची उंच ओली झाडं, त्यांचा औषधी वास, मग एकदम डोंगर उघडा होऊन खाली पायऱ्यापायऱ्यांची शेतं. गाजर, बटाटा आणि लसूण. पाऊस आमच्यासारखा कोसळत नाही. तो दिवसभर बारीक पडत राहतो आणि संध्याकाळपर्यंत मोज्यांत, चपात्यांत आणि विचारांतही शिरतो. तरी खरं सांगतो, मजेत होतो. तीन वर्षांत पहिल्यांदाच माझं शरीर मला पुन्हा माझं वाटत होतं. दंडावर चिकटवलेला शुगर मोजायचा सेन्सर तिसऱ्या दिवशी भिजून सुटून आला, तेव्हाही मी फार मनावर घेतलं नाही. बोटाला सुई टोचून तपासायचं यंत्र होतंच.

सहाव्या दिवशी सकाळी इडल्या खाल्ल्या, नेहमीइतकंच इन्सुलिन घेतलं आणि चढाला लागलो. चूक इथेच झाली. चढ रोजच्या दुप्पट होता आणि थंडी होती, म्हणजे डोस कमी घ्यायला हवा होता. हे मला पाठ आहे, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण चार दिवस सगळं सुरळीत गेलं की माणूस शहाणा होतो.

शुगर उतरली की आधी घाम येतो, हात थरथरतात. घाम पावसात कळला नाही. थरथर थंडीची वाटली. एका वळणावर खाली लसणाचे वाफे आणि त्यांच्यापलीकडे वीस-पंचवीस घरं दिसली आणि मला उगाचच हसू यायला लागलं. तेव्हा मनात कुठेतरी घंटा वाजली. ग्लुकोजच्या गोळ्या सॅकच्या वरच्या कप्प्यात होत्या. सॅकवर पावसाचं आवरण होतं, आवरणाला दोरी होती, दोरीला मीच सकाळी घट्ट गाठ मारली होती. बोटं गारठलेली. ती गाठ मला सुटेना. एवढा मोठा इंजिनियर, आणि एक गाठ सुटेना.

पुढचं तुकड्यातुकड्यांत आठवतं. मी एका बांधावर बसलो होतो आणि माझे पाय रोपांवर होते. डोक्यावर गोणपाटाची खोळ घेतलेला चाळिशीचा एक माणूस माझ्यावर ओरडत होता. त्याच्या बोलण्यातला 'कुडिकारन' (दारुडा) हा एकच शब्द कळला. उठायला गेलो आणि झोकांडी जाऊन पुन्हा रोपांवरच बसलो. 'शुगर' हा शब्द मला माहीत होता, तो तोंडात होता, पण बाहेर यायला तयार नव्हता. त्या माणसाने माझी सॅक उचलून रस्त्यावर ठेवली आणि हाताने मला रस्ता दाखवला. तो चुकीचा वागत होता असं मी आजही म्हणणार नाही. त्याने पाहिलं ते असंच होतं.

मग कोणीतरी माझी हनुवटी धरून तोंड वर केलं. एक म्हातारी होती. साडीवर पुरुषी स्वेटर, त्यावर प्लास्टिकचा कागद पांघरलेला. तिने आपलं नाक माझ्या तोंडाजवळ आणलं आणि वास घेतला. एकदा, आणि खात्री करायला पुन्हा एकदा. मग त्या ओरडणाऱ्या माणसाकडे वळून, तो तिचा मुलगा होता, म्हणाली, "वासम इल्ल." वास नाही. आणि माझ्याकडे पाहून, "शुगरा?"

मी मान हलवली. म्हणजे तसं मला वाटतं.

तिने मुलाला पिटाळलं. तो धावत गेला आणि धावत आला. म्हातारीने करुपट्टीचा (ताडगुळाचा) खडा दातांनी फोडून बारीक केला आणि एकेक तुकडा माझ्या गालात कोंबला. मी चघळायचं थांबलो की ती गालावर चापट मारायची. एखाद्या अनोळखी माणसाच्या दातांनी फोडलेला गूळ मी एरवी तोंडात घेतला नसता. त्या दिवशी जगात त्याच्याइतकं चांगलं दुसरं काही नव्हतं.

वीस मिनिटांनी मी तिच्या घरात चुलीपाशी बसलो होतो, माणसात आलो होतो आणि लाजेने मान वर करवत नव्हती. वर धुरात लसणाच्या जुड्या टांगलेल्या होत्या. कोपऱ्यात खाटेवर तिचा नवरा. त्याला पंधरा वर्षांपासून शुगर आहे, म्हणून तिला नेमकं ठाऊक होतं. मुलगा मुरुगन पूर्वी बंगळूरजवळच्या होसकोटेच्या एका कारखान्यात कामाला होता, त्यामुळे त्याला कन्नड येत होतं आणि मला रिक्षापुरतं. "बेंगळूरूचे लोक येतात, पितात, बाटल्या शेतात फोडतात," तो म्हणाला. "आईच्या पायात काच गेली होती गेल्या वर्षी. म्हणून मी ओरडलो. मनाला लावून घेऊ नका."

"तुमची रोपं मोडली मी," मी म्हटलं.

"रोपं परत लावता येतात," तो म्हणाला.

पाट्टी (आजी) मध्येच काहीतरी बोलली. मुरुगनने सांगितलं, "आई विचारतेय, एवढा आजार घेऊन फिरता, मग कोणाला सांगत का नाही? तिला वास घ्यायला लावलात."

संध्याकाळी मुग्धाला मेसेज केला, 'सगळं ठीक. शुगर ११०.' आकडा खरा होता.

पाऊस वाढल्याने दोन दिवस तिथेच राहिलो. गरम भात, लसणाची कुळंबु (आंबट रस्सा) आणि जुड्या निवडण्याचं काम. निघताना पाट्टीने लसूण दिला आणि मुरुगनकडून मला एक तमिळ वाक्य पाठ करून घेतलं: मला शुगर आहे. ते मी प्रत्येक गावात, चहा मागायच्या आधी म्हणायचं, हा तिचा हुकूम.

पहिल्यांदा म्हणताना जीभ अडखळली. मग सवय झाली. झालं असं की पुढच्या चार दिवसांत मला कोणी साखर घातलेला चहा देईना. 'शुगर ना तुम्हाला?' म्हणून कडू चहा, आणि वर मेथीचे दाणे भिजवून खा, कारलं खा, अमक्याच्या मेहुण्याचं कसं बरं झालं, असे सल्ले. एका टपरीवाल्याने तर मी निघाल्यावर पुढच्या गावच्या टपरीवर फोन केला, की एक लाल सॅकवाला येतोय, लक्ष ठेवा. मी तिथे पोचलो तर बाई दारात उभ्या. लाज वाटायला हवी होती. वाटलं ते इतकंच, की आज पाठीवरचं ओझं कालच्यापेक्षा कमी आहे.

घरी पोचलो तेव्हा दुपार होती. बूट काढायच्या आधीच मुग्धाला सगळं सांगून टाकलं. बांध, वास, गूळ, आणि तो मेसेज. मेसेजचं ऐकून ती चिडली. चांगली दहा मिनिटं बोलली आणि ते मी ऐकून घेतलं. मग मी म्हटलं, "बोललो होतो तसं सॅक विकतो."

"ती अट तुझी होती, माझी नाही," ती म्हणाली. "लसूण शेजारी देऊन ये आधी."

मी शांताअक्कांचं दार वाजवलं. जुडी हातात दिली, पाऊस होता हे कबूल केलं. मग चार दिवस तमिळमध्ये घोकलेलं वाक्य आयुष्यात पहिल्यांदा मराठीत म्हटलं, "अक्का, मला डायबिटीस आहे. टाइप वन. इन्सुलिन घ्यावं लागतं."

अक्का लसणाचा वास घेत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. "माहीत आहे की रे," त्या म्हणाल्या. "मुग्धा ऑफिसला जाताना सांगून जाते रोज. तुमच्या घराची एक चावी तीन वर्षं माझ्याकडेच आहे. तू घरून काम करतोस त्या दिवशी अकरा वाजता मी कशाला बेल मारते असं वाटतंय तुला? कोथिंबिरीसाठी?"

तीन वर्षं मी अकराच्या त्या बेलला वैतागत आलो होतो. माझं मी एकट्याने निभावतोय, असं समजून कॉल अर्धवट सोडून उठायचो, दार उघडायचो आणि कपाळाला आठ्या घालून कोथिंबीर द्यायचो. त्या माझा चेहरा नीट बघून घ्यायच्या आणि जायच्या. मी अक्कांना वाकून नमस्कार केला. पायातले बूट अजून चिखलाचे होते.