केळ्याच्या वाइनचं पुस्तक

केळी जास्त पिकली की त्या वासाने मला फुटलेली बरणी आठवते. बागेतली केळी वाया जात, म्हणून यांनी रद्दीतून घरी वाइन करायचं पुस्तक आणलं. "तू चौथी शिकलीस, वाच बरं," सासूबाई म्हणाल्या. मी लाजत वाचलं आणि एक अवघड ओळ गुपचूप सोडली. सासूबाईंनी केळी कुस्करून बरणीत भरली आणि लोणच्यासारखं झाकण घट्ट लावून वर फडकं आवळलं. चौथ्या दिवशी बरणी फुटून भिंतभर केळी उडाली. झाकण सैल ठेवा, हे त्याच ओळीत होतं. मी रडत कबूल केलं. भिंत पुसत सासूबाई म्हणाल्या, "दुसरी बरणी काढ. या बारीला अडलं तर सांग. मला अक्षर येत नाही, पण दोघी मिळून अर्थ लावू." आता श्रावणात पोथी मीच वाचते. अडले की थांबते, विचारते आणि पुढे जाते.