तिसऱ्या तुकड्यानंतरचा ढावलो

मी दिग्रसला लग्नाचं शूटिंग करतो. लिंबू-मिरची माझ्यासाठी नवरदेवाच्या गाडीवरची सजावट, बाकी काही नाही. भुताखेतांची गोष्ट कुणी काढली की सगळ्यात आधी फिरकी घेणारा मीच... त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण लिहितो.

यंदा मार्चमध्ये, भर दुपारी, सुनीता स्टुडिओत आली. जवळच्या तांड्यावरची बंजारा मुलगी. सात वर्षांपूर्वी तिचं लग्न मीच शूट केलं होतं. हातात तेव्हाचाच पेन ड्राइव्ह.

"दादा, हे एकदाही चाललं नाही. आमाले वाटलं, आमचाच टीव्ही खराब हाय."

मी ओशाळलो. एवढी मोठी एकच फाईल पेन ड्राइव्ह घेईना, म्हणून मी तिचे तीन तुकडे करून दिले होते. ते परत जोडल्याशिवाय चालत नाहीत, हे सांगायचंच विसरलो. सात वर्षं त्या घराने आपलं लग्न पाहिलंच नव्हतं!

"मग आजच काहून आली?"

तिची आई, त्यांच्या बोलीत याडी, दिवाळीत वारली होती. आणि पुढच्या आठवड्यात धाकट्या बहिणीचं, कविताचं लग्न. त्यांच्यात मुलगी सासरी निघताना मायलेकी गळ्यात पडून रडत रडत गातात, त्याला ढावलो म्हणतात. आता आईच्या जागी सुनीताला गायचं होतं.

"याडी सोताच बोल जोडून गाये, दादा. मले एकही याद नाही. मी नाही गायली तं कविता आईबिगर जाईन घरातून."

मी तिच्याकडे न बघता पेन ड्राइव्ह लावला. कारण सुनीताच्या लग्नात ढावलो सुरू होताच मी कॅमेरा बंद केला होता. तेव्हा मला ते नुसतं रडणं वाटलं. बॅटरी वाचवली आणि जाऊन पंगतीत बसलो. हे तिला सांगायची हिंमत झाली नाही. म्हटलं, आधी फाईल तर जोडू.

तिन्ही तुकडे एका फोल्डरमध्ये टाकले, क्रम पाहिला, जोडले. फाईल चालली. हळद, जेवणं, सजवलेली गाडी... शेवटी 'शुभ विवाह' अशी पाटी. माझं एडिटिंग तिथेच संपतं. मी बंद करायला हात पुढे केला.

स्क्रीन काळी होती — आणि आवाज आला. एका बाईचा, हुंदका गिळत गाणारा.

"याडी हाय," सुनीता म्हणाली. तिचे डोळे वाहत होते, पण ओठ हलत होते. एकेक बोल ती पाठ करून घेत होती. चारेक मिनिटांनी आवाज थांबला. मला त्यांची गोरबोली कळत नाही. ती माझ्याकडे वळली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"दादा, हा माहा ढावलो नोहे. तिनं माहं नाव एकदाही नाही घेतलं. कविताचं घेऊन राह्यली ते. कविताले सासरी धाडून राह्यली."

सुनीताच्या लग्नात कविता आठवीत होती.

मी फाईल पुन्हा लावली. पाटी आली, आणि संपलं. नंतर तीन वेळा नव्याने जोडून पाहिलं. तुकड्यांची बेरीज आणि फाईलची साइझ तंतोतंत जुळते, जास्तीचं काही नाही. पुसदचा माझा एक मित्र आवाजाचंच काम करतो. तो म्हणाला, जुनं काही रेकॉर्डिंग मिसळलं असेल. पण जुनं कुठून असणार? कविताची पाठवणी तर व्हायचीच होती!

त्या दुपारी मी सुनीताला खरं सांगून टाकलं, कॅमेरा मीच बंद केला होता म्हणून. वाटलं, चिडेल. ती पदराने तोंड पुसत एवढंच म्हणाली, "मंग आता बंद नका करू."

लग्नात ती गायली. कविता तिच्या गळ्यात पडलेली... मध्येच मान वर करून तिने विचारलं, "तुले हे कोनं शिकोलं?"

"याडीनं."

 स्पष्टीकरण शोधायचं मी सोडून दिलंय. त्या दिवशी गाडी धुळीत दिसेनाशी होईपर्यंत कॅमेरा सुरू ठेवला. आणि कविताला फाईल दिली ती एकसंध, आधी तिच्या मोबाईलवर चालवून दाखवून.