मुशीच्या तेलानं चमकलेली बकरी

उत्तनजवळच्या आमच्या डोंगरीत बकरी पाळणं म्हणजे वाळवंटात होडी बांधणं. गवत म्हणून काही उरलेलंच नाही. जिथं होतं तिथं कुणाचे ना कुणाचे पत्रे उभे राहिले. मंडळानं दिलेली बकरी घरी आली तेव्हा तिला पहिलं हिरवं दिसलं ते आमच्या खिडकीचा पडदा. तिनं तो अर्धा खाल्ला. आई म्हणाली, "राहूदे, जुनाच होता." तो दिवाळीत घेतलेला.

तरुणांनी जनावरं पाळावीत म्हणून एका कृषी मंडळानं योजना काढली होती. बकरीचं एक मादी पिल्लू द्यायचं, आपण ते वाढवायचं आणि थंडीत पशुप्रदर्शनात उतरवायचं. पहिल्या तिघांना वर्षभर जनावरांच्या दवाखान्याचं शिक्षण, राहण्याजेवणासकट. योजना शेतकऱ्यांच्या पोरांसाठी होती. त्यात कोळ्याची पोर कशी घुसली हे मंडळालाही शेवटपर्यंत कळलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

मला ती जागा हवी होती. भयंकर हवी होती. बाबांची होडी आदल्या वर्षी लाकडाच्या भावानं गेली होती. जाळ्यात मासळीपेक्षा पिशव्या जास्त यायच्या. आमच्या गल्लीतल्या पोरी एकेक करून काशीमीऱ्याच्या गोदामात खोकी चिकटवायला लागल्या होत्या, आणि माझ्यासाठीही तिथं एक खुर्ची रिकामी आहे, असं मावशी दर रविवारी येऊन सांगायची. शिवाय योजनेच्या वयाच्या अटीत बसायचं माझं ते शेवटचं वर्ष. म्हणजे बकरी नाहीतर गोदाम. तिसरं काही नव्हतं.

मग मी त्या बकरीला राणीसारखं ठेवलं. राणीला तरी एवढं मिळतं की नाही कुणास ठाऊक. भाईंदर पश्चिमेच्या भाजीबाजारात जाऊन फ्लॉवरचा पाला गोळा करायचे आणि पोतं घेऊन बसमध्ये चढायचे. कंडक्टर ओरडायचा, "ओ मॅडम, ये जंगल का भी टिकट निकालो!" मी म्हणायचे, "जंगलाला पास आहे." सगळी बस हसायची आणि मी पोत्यावरच बसून डोंगरीपर्यंत यायचे. पाला खाऊन खाऊन बकरी अशी भरली, की शेजारचा कुत्रा तिला सलाम करून जायचा. पाठ सरळ, खूर स्वच्छ, डोळा असा की माणसानं आपली चूक कबूल करावी. मंडळाचे सर महिन्याकाठी तपासायला यायचे. शेवटच्या खेपेला तिच्या पाठीवरून हात फिरवून ते हळूच म्हणाले, "ताई, पहिल्या तिघांत नक्की. फक्त अंगाला रंग, पावडर असलं काही लावू नका. बाद करतात."

मी घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. बाबांनी मान डोलावली.

आता बाबांबद्दल सांगायला हवं. समुद्रावर ते असे होते की सुरमई त्यांचा आवाज ऐकून आपणहून जाळ्यात यायची. (आई म्हणते, एकदाच आली, तीही मेलेली होती.) होडी विकल्यापासून मात्र ते पुरणातल्या डाळीसारखे घरात शिजत बसलेले. करायला काही नाही. बकरी आली आणि त्यांना काम मिळालं. तिची दोरी त्यांनी वळली, गाठ त्यांनी घातली. ती गाठ वादळात सुटली नसती, मग बकरीची काय बिशाद!

प्रदर्शनाच्या दिवशी पहाटे मी आंघोळीला गेले. बाहेर आले तर घरभर असा वास, की उत्तनची मांजरं उठून आमच्या दाराशी बैठकीला आली असावीत. अंगणात बकरी उभी, आणि अंधारातही चमकतेय. बाबांच्या हातात फडकं, पायाशी डबा. मुशीचं, म्हणजे शार्क माशाचं तेल. लाकडी होडीला लावतात ते. फायबरच्या होड्या आल्यापासून त्याला कुणी विचारत नाही. होडी गेली, तेवढा एक डबा खाटेखाली राहिला होता.

"बाबा! काय केलंत हे?"

"बघ गो बाय, कशी चमकतंय! नव्या होडीसारखी!"

"सरांनी सांगितलं होतं ना!"

"रंग न्हाय, पावडर न्हाय, असं बोलला तुझा सर. ह्यो काय रंग हाय? ह्ये तेल हाय. तेल सगल्याला चांगलं."

त्यांचं तोंड असं फुललेलं, की मी नुसतं त्यांच्या हातातलं फडकं काढून घेतलं. आई दारातून म्हणाली, "साबण लाव, साबण." आम्ही साबण लावला. तेलावर साबण लागून बकरीची जी काय गत झाली ती सांगत नाही. वास तेवढा दुप्पट झाला. टेंपो दाराशी थांबला होता. ड्रायव्हर नाकाला रुमाल बांधून म्हणाला, "बकरी है ना, पक्का?"

प्रदर्शनाचं मैदान आत, शेतीच्या मुलखात होतं. आमची बकरी उतरली आणि दहा गावचे कावळे वर घिरट्या घालायला लागले. एका पोरानं आपल्या शेळीला मागं ओढलं. "ओ ताई, मासळीबाजार पलीकडं भरलाय!" दुसरा म्हणाला, "अरे, असू दे. त्यांची शेळी पोहते." मीही हसले. काय करणार? बाबा मात्र कुणालाही धरून सांगत होते, "हात लावून बघा, हात. पाणी थांबणार न्हाय."

परीक्षक आले. वयस्कर, शांत माणूस. त्यांनी वास घेतला. पाठ बघितली, पाय बघितले, दात बघितले. मग पाठीवरून बोट फिरवलं आणि रुमालाला पुसलं. रुमालावर डाग पडला.

"हाडापेराची उत्तम आहे," ते मला म्हणाले. "पण अंगाला तेल लावलंय. नियमात बसत नाही, बेटा. बाद करावं लागेल."

बाबा दोरीच्या पलीकडून आत आले. ज्या माणसानं दुसऱ्याच्या होडीवर तांडेल असताना होडीच्या मालकालाही कधी साहेब म्हटलं नाही, त्यानं हात जोडले. "साहेब, मी लावलं. पोरीची काय चूक? होडीला लावतात, वर्षंनवर्षं टिकते. माझं नाव काढून टाका. पोरीचं नका काढू."

"काका, तुमचं नाव यात नाहीच," परीक्षक म्हणाले. रागानं नाही. तेच वाईट झालं. रागावले असते तर मी भांडले असते. भांडणात मला अख्ख्या उत्तनमध्ये कुणी हरवलेलं नाही.

बाबा हात जोडूनच उभे राहिले. परीक्षक पुढच्या शेळीकडे गेले तरी तसेच. मी त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. बकरी मागून आपणहून आली.

सोमवारी मी गोदामात लागले. खुर्ची खरंच रिकामी होती. मावशी आयुष्यात एकदाच खरं बोलली, तेही नेमकं माझ्याच बाबतीत. दिवसभर खोकी चिकटवते. बाजूच्या पोरींना सांगते की मी जनावरांची अर्धी डॉक्टर आहे, शेपटीकडची अर्धी. त्या हसतात, वेळ जातो. पावसाळ्याआधी मंडळानं आमच्या भागातली योजनाच गुंडाळली. इकडं जनावरं पाळायला जागाच कुठं आहे, असं त्यांचं म्हणणं. बरोबरच होतं. सर फोनवर दोनदा सॉरी म्हणाले.

योजना गुंडाळल्याचं आणि माझं वय निघून गेल्याचं बाबांना सांगितलेलं नाही. ते रोज सकाळी बकरीला गोड्या पाण्यानं धुतात. पिण्याचं पाणी पुरत नाही तरी तिच्यासाठी एक कळशी बाजूला असते. अंगावर तेलाचा थेंब नाही, कोरडी ठणठणीत ठेवतात. दुपारी भाजीबाजारात पाला आणायला आता तेच जातात. संध्याकाळी मी बसमधून उतरले की उंबऱ्यातूनच विचारतात, "काय गो, मंडळवाला आलता काय? यंदाचं प्रदर्शन कवा हाय?"

"अजून न्हाय," मी सांगते. "येतील."

"येऊदे. ह्या वक्ताला काय लावणार न्हाय."

"न्हाय बाबा. काहीच लावायचं न्हाय."

ते मान डोलावतात आणि बकरी आत घेतात. मी चपला काढते.